तुझी धार तूच लाव

धाकले, काल फोनवर तू सहज म्हणालीस, "ताई, आयटीआयमध्ये लेथ जमायला लागली गं. टूलला धार तेवढी शेजारच्या मशीनवरचा तो लावून देतो. स्वभावानं चांगला आहे." तेवढ्यात तुझी बस आली नि तू फोन ठेवलास. मी तेव्हा गप्प बसले, कारण बस पकडायच्या घाईत असलेल्या माणसाला शहाणपण सांगू नये. पण रात्री काही केल्या झोप येईना. आज सुट्टी आहे ना? मग चहा घेऊन बस आणि हे सगळं वाच.

तो चांगलाच असणार. माझ्या वेळचाही होता. मी पहिल्यांदा कामाला लागले तेव्हा त्या शेडमध्ये आम्ही दोघीच बायका. "आण इकडं, तुला भाजेल," म्हणत तो माझ्या हातातलं टूल न्यायचा आणि दोन मिनिटांत चकचकीत करून आणून द्यायचा. मीही खूश. ग्राइंडरपाशी ठिणग्या, आवाज, धूळ, कशाला जायचं तिकडं? असं दीड वर्ष गेलं. मग त्याला पुण्यात नोकरी लागली. तो गेला त्याच्या दुसऱ्याच दिवशी माझ्या टूलची धार गेली आणि मी ते हातात घेऊन शेडभर फिरले. ह्याची मनधरणी कर, त्याची मनधरणी कर. आठवड्याच्या आत सुपरवायझरनं मला लेथवरून उठवून तपासणीच्या टेबलावर बसवलं. पगार तोच. काम काय, तर भोकात गेज घालायचा. गेला तर जॉब डावीकडं, अडला तर उजवीकडं. चार महिने मी डावं-उजवं केलं. लेथवर काम करते म्हणून घरी मिरवत होते, आणि माझ्या हातात होतं ते नुसतं हँडल. कापत होती ती धार त्याची होती.

पुढं मला ग्राइंडर शिकवला तो आमच्या शेडमधल्या म्हाताऱ्या मिस्त्रीकाकांनी. रोज जेवणाच्या सुट्टीत दहा मिनिटं. त्यांचं बोलणं कमी, आणि शिव्या त्याहून थोड्या जास्त. त्यांचंच तुला देते आहे, शिव्या वगळून.

आपल्या घरात धार काढता सगळ्यांना येते, धार लावता कुणालाच नाही. पण म्हशीखाली बसवताना आई काय सांगायची आठव. ओढू नकोस, दाबू नकोस, हात हलका ठेव, पान्हा सोडायचा तेव्हा ती सोडते. ग्राइंडरवरही अगदी हेच. नवीन माणूस टूल दगडावर दाबतो. त्याला वाटतं, पोलाद कडक आहे म्हणजे जोर पाहिजे. जोरानं फक्त उष्णता वाढते. कापायचं काम दगडाचं आहे, आपण नुसतं धरायचं.

आधी त्या दगडाची ओळख करून घे. दगड म्हणतात सगळे, तूही म्हण, पण तो काही खाणीतून निघालेला नसतो. अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे टोकदार कण मातीसारख्या बंधात कालवून, साच्यात दाबून, भट्टीत भाजतात. उरणजवळच्या मोऱ्याला १९४१ पासून अशी चाकं तयार होत आली आहेत. थोडक्यात ते भाजलेलं भांडंच, आणि माठाला जी भीती तीच त्यालाही. कुठं आपटलं तर आत चीर जाते आणि ती डोळ्याला दिसेलच असं नाही. बाजारात माठ घेताना आई टिचकी मारून कान देते ना, तसंच नवं चाक चढवण्याआधी करायचं. मधल्या भोकात बोट घालून ते लोंबतं धर आणि पेचकसाच्या लाकडी मुठीनं कडेजवळ हळूच ठोक. स्वच्छ टणकार आला तर चाक शाबूत. 'थप' असा मेलेला आवाज आला तर ते कालच दुकानातून आणलेलं असलं तरी चढवू नकोस. ओलं चाक चांगलं असूनही मुकं लागतं, म्हणून कोरडं करून ऐक. चाकाच्या दोन्ही अंगांना चिकटवलेले कागदाचे गोल असतात, ते पॅकिंगचे समजून सोलू नकोस. फ्लँजचा दाब सगळीकडं सारखा पडावा म्हणून ते मुद्दाम लावलेले असतात. आणि डाव्या बाजूच्या नटाला आटे उलटे असतात हे आधीच सांगते, नाहीतर माझ्यासारखी पाऊण तास पान्याला लोंबकळशील.

त्या कागदावर पत्रिकेसारखं काहीबाही लिहिलेलं असतं, 'ए ६० के ५ व्ही' असलं. ते वाचता आलं पाहिजे. 'ए' म्हणजे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड. तिथं 'सी' असेल तर सिलिकॉन कार्बाइड. साठ हा कणांचा आकार, आकडा जितका मोठा तितका कण बारीक. टूलचा मोठा भाग खायचा असेल तर ३६ किंवा ४६, शेवटचा हात द्यायला ६० किंवा ८०. पाच म्हणजे कणांमध्ये मोकळी जागा किती, आणि 'व्ही' म्हणजे भट्टीत भाजलेला बंध. मधला 'के' मात्र नीट समजून घे, कारण सगळी गंमत त्यात आहे. ए पासून झेड पर्यंत ही अक्षरं चाकाचा कडकपणा सांगतात, ए कडचं मऊ, झेड कडचं कडक. इथं कडक म्हणजे कण कडक नव्हे हं. बंध कणाला किती घट्ट धरून ठेवतो, तेवढंच ते सांगतं.

आता सांग, कडक पोलादाला कडक चाक लागेल की मऊ?

मी 'कडक' म्हणाले होते. काकांनी कपाळाला हात लावला. अगं, कडक पोलादावर घासून चाकाचा कण लवकर बोथट होतो. बंध घट्ट असेल तर तो बोथट कण तिथंच अडून बसतो, कापत काहीच नाही, नुसता घासतो आणि टूल तापवतो. बंध जरा सैल असेल तर बोथट झालेला कण निखळून पडतो आणि त्याच्यामागचा ताजा, धारदार कण पुढं येतो. म्हणून कडक टूलला मऊ चाक, आणि साध्या एम.एस.च्या, म्हणजे मऊ पोलादाच्या, पट्टीला कडक चाक. हायस्पीड स्टीलच्या टूलला आपल्याकडं पांढरा दगड लावतात तो याचसाठी. शेडमध्ये कुणी म्हणालं की पांढरा दगड लवकर झिजतो, पैसे वाया जातात, तर नुसती मान हलव. झिजतो म्हणून तर तो कापतो.

तरी हा दगडही कधी गुळगुळीत होतोच. तोंड काचेसारखं चमकायला लागलं की समज, वरचे कण बोथट झालेत. आणि कुणी त्यावर अ‍ॅल्युमिनियम नाहीतर पितळ घासलं असेल तर भोकाभोकांत धातू बसून दगड करडा, चिकट दिसतो. दोन्हीवर औषध एकच, ड्रेसर. आपल्या लहानपणी गावात टाकी लावणाऱ्या बाया यायच्या, आठवतात? जातं गुळगुळीत झालं की पीठ नीट पडत नाही, मग त्या छिन्नी-हातोडीनं पुन्हा खड्डे पाडून द्यायच्या. ड्रेसिंग म्हणजे दगडाला टाकी लावणंच. चांदणीसारख्या चकत्यांचा ड्रेसर असतो, नाहीतर टोकाला हिरा बसवलेली दांडी. टूल टेकवायच्या रेस्टवर ठेवून चाकाच्या तोंडावरून हळू, एका लयीत या कडेकडून त्या कडेला न्यायचा. तोंड सपाट होतं, नवे कण उघडे पडतात आणि आवाजही बदलतो. कुणी चाकाच्या मधोमध घासून खळगा पाडून ठेवला असेल तर आधी तो काढ, मगच टूल लाव. खळग्यात सरळ धार येत नाही. दुसऱ्याच्या खळग्यासाठी पाच मिनिटं खर्च करताना जीवावर येतं, पण कर.

आता जी गोष्ट आईला कळू द्यायची नाही ती. दोनशे मिलिमीटरचं चाक मिनिटाला २८०० फेरे घेतं तेव्हा त्याची कड सेकंदाला जवळजवळ २९ मीटर पळते. म्हणजे ताशी शंभर किलोमीटरच्या वर, हायवेवरच्या गाडीसारखी, आणि तुझं बोट तिच्यापासून चार इंचांवर. टूल टेकवायचा रेस्ट आणि चाक यांच्यात ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको. चाक झिजत जातं तशी ही फट वाढत जाते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. माझ्याही आलं नव्हतं. एकदा बारीक टूल त्या फटीत खाली खेचलं गेलं आणि माझ्या डाव्या अंगठ्याचं नख गेलं. तुम्ही सगळ्यांनी विचारल्यावर मी 'दारात सापडलं' म्हणाले होते. दार बिचारं निर्दोष होतं. वरच्या कव्हरची जीभही चाकापासून ६ मिलिमीटरच्या आत असू दे. या दोन्ही फटी चाक पूर्ण थांबल्यावरच बसवायच्या. बटण दाबताना चाकासमोर उभी राहू नकोस, बाजूला हो आणि एक मिनिट ते रिकामंच फिरू दे. फुटायचं असलं तर बहुतेक वेळा चाक सुरुवातीलाच फुटतं. आणि सरळ चाकाच्या बाजूच्या सपाट अंगावर टूल दाबायचं नाही. सगळे करतात, माहीत आहे मला. ते अंग त्यासाठी बनवलेलं नसतं.

गॉगल घालायचाच. ग्राइंडरला काच असली तरी घालायचा. कण डोळ्यात गेलाच तर चोळू नकोस, आणि काड्यापेटीच्या काडीनं नाहीतर रुमालाच्या टोकानं काढून देणारे 'तज्ज्ञ' शेडमध्ये असतात त्यांच्या हाती डोळा देऊ नकोस. सरळ डोळ्यांच्या डॉक्टरकडं जा. हातमोजे मात्र घालायचे नाहीत. ऐकायला उलटं वाटेल, पण मोजा चाकात अडकला तर तो बोटांसकट जातो. ओढणी घरी. वेणी टोपीच्या आत. बांगड्या, अंगठी, गळ्यातलं सगळं काढून ठेवायचं. लग्नानंतर मी पहिल्या दिवशी हिरवा चुडा घालूनच शेडवर गेले होते. काकांनी ग्राइंडरचा मेन स्विचच बंद करून ठेवला, बोलले काही नाहीत. मी चुडा उतरवून जेवणाच्या डब्यात ठेवला. संध्याकाळी डबा धुताना तो सासूबाईंच्या हाती लागला. मला वाटलं, आता महाभारत. त्यांनी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी डब्याबरोबर जुन्या खणाची शिवलेली एक छोटी पिशवी दिली, "यात ठेवत जा, डब्यात तेल लागतं." ती पिशवी अजून वापरते.

आता पोलादाचं पाणी. टूल म्हणून आपण जे वापरतो ते बहुतेक हायस्पीड स्टील. पूर्वी बहुतेक टूलं साध्या कार्बन पोलादाची असायची. त्यांना पाणी दिलेलं असतं, आणि ग्राइंडरवर तापलं की ते उतरतं. रंगावरून कळतं. साधारण २२० ते २३० अंशांवर फिकट पिवळा, मग तपकिरी, जांभळा, आणि ३०० च्या आसपास निळा. छिन्नीची कड निळी झाली म्हणजे ती गेली. तेवढा भाग घासून काढल्याशिवाय तिच्यात पुन्हा जीव यायचा नाही. म्हणून छिन्नी, सेंटर पंच, घरातली सुरी, असलं काही लावताना दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडव.

हायस्पीडची गोष्ट वेगळी, आणि ती मला फार आवडते. अमेरिकेत बेथलेहेमच्या पोलाद कारखान्यात टेलर आणि व्हाइट या दोघांनी १८९८ पासून टूलच्या पोलादावर प्रयोग केले. त्या काळची समजूत अशी की पोलाद फार तापवलं की बिघडलं. यांनी ते वितळायच्या जवळपास नेऊन पाहिलं आणि निघालं उलटंच. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात त्यांनी लेथ चालवून दाखवली तेव्हा टूलचं टोक लाल झालं होतं आणि तरी ते कापत होतं. आज आपल्याकडं येणाऱ्या एम-टू जातीच्या टूलमध्ये साधारण सहा टक्के टंगस्टन, पाच टक्के मॉलिब्डेनम, चार टक्के क्रोमियम आणि दोन टक्के व्हॅनेडियम असतं. त्याला १२०० अंशांच्या आसपास तापवून पाणी देतात आणि मग साडेपाचशेच्या आसपास दोनतीनदा पुन्हा तापवून मुरवतात. जे साडेपाचशेला मुरलंय त्याचं तीनशेच्या निळाईनं काय बिघडणार? तेव्हा टूल निळं झालं म्हणून रडत बसू नकोस. पण निळं करायची सवयही लावून घेऊ नकोस. कड पातळ असते, तिथला ताप डोळ्याला दिसतो त्याहून जास्त असू शकतो. आणि लालबुंद टूल एकदम पाण्यात टाकलं तर चुर्र आवाज छान येतो, पण कडेला केसासारख्या चिरा जातात. त्या तेव्हा दिसत नाहीत. दुसऱ्या दिवशी जॉबवर धारेचा टवका उडतो आणि आपण पोलादाला शिव्या घालतो. बुडवायचंच तर तापायच्या आधीपासून, पुन्हा पुन्हा बुडव. चुकून फार तापलंच तर बाकावर ठेव, आपोआप निवू दे, तोवर दगडाला टाकी लाव. हातमोजे घालायचे नाहीत म्हटलं त्याचं दुसरं कारण असं. बोटाला चटका बसायला लागला की थांबायचं, यासारखं तापमापक नाही.

टूल खरंच हायस्पीडचं आहे का, हेही दगडच सांगतो. उद्यमनगरातल्या एका दुकानात एकदा मी स्वस्त म्हणून चार टूलं घेतली होती. लावायला गेले तर पांढऱ्या-पिवळ्या, फुलबाजीसारख्या फुटणाऱ्या ठिणग्या. तो साधा कार्बनचा तुकडा होता. हायस्पीडच्या ठिणग्या मंद, लालसर आणि थोड्या असतात, फुटत नाहीत. दिवाळी दिसली की दुकानदाराकडं परत जायचं.

बरं, आता प्रत्यक्ष हात. आयटीआयमध्ये तुला आधी एम.एस.चा चौकोनी तुकडा घासायला दिला असेल. पांढऱ्या दगडाला त्रास न देता तो करड्या दगडावर घास, आणि एकदाच घासून ठेवून देऊ नकोस. तोच तुकडा कापून पुन्हा घास. मी अकरा तुकडे संपवले. त्यानंतर अर्धा इंची टूल हातात घे. सरळ टर्निंगच्या टूलला चार जागी हात लावायचा. आधी डावी बाजू, ती कापणारी कड. टूल थोडं तिरकं धरून खालचा भाग आत घे, आठ-दहा अंश. याला क्लिअरन्स म्हणतात, मी टाच म्हणते. धारेखालची टाच आत गेली नाही तर धार जॉबला टेकायच्या आधी टाच टेकते. मग टूल कापत नाही, रेटतं आणि करकरतं. कोल्हापुरी चपलेची करकर ऐकायला बरी, लेथची नाही. पण भरपूर क्लिअरन्स बरा म्हणून वीस अंश घेशील तर धारेखाली आधारच उरणार नाही आणि ती ढासळेल. मग पुढचं तोंड, तिथंही खाली आठेक अंश. मग वरचा माथा. एम.एस.साठी धारेकडून मागं उतरता बारा-चौदा अंश, म्हणजे चिपेला वर चढून निघून जायला वाट होते. शेवटी टोकाला अगदी हलकी गोलाई, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. नुसतं सुईसारखं टोक ठेवलंस तर पहिल्याच कटला ते मोडेल आणि जॉबवर आट्यासारख्या रेघा उठतील.

अंश डोळ्यांनी कळत नाहीत, नाही कळत. मलाही कळायचे नाहीत. लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचा आठ अंशांचा तिरका तुकडा कापून मी एप्रनच्या खिशात ठेवायचे, घासून झालं की शेजारी धरून बघायचे. थ्रेडिंगचं टूल असेल तर मात्र सेंटर गेजच हवा, मेट्रिक आट्यांना साठ अंश. तिथं अंदाज चालत नाही.

घासताना टूल चाकाच्या तोंडावर एका जागी रोवून धरू नकोस, डावीकडून उजवीकडे सरकवत राहा. आणि मध्येमध्ये उचलून बघायचा मोह आवर. प्रत्येक वेळी उचलून परत टेकवलंस की कोन बदलतो आणि एका बाजूला तीन-तीन पैलू पडतात. कोपरं अंगाला लावून धर आणि हालचाल मनगटातून नको, अंगातून होऊ दे. पाट्यावर वाटण वाटताना बाई कशी सबंध अंगानं पुढं-मागं होते, तशी.

आता सगळ्यात जास्त टाळली जाणारी पायरी. ग्राइंडरवरून उतरलेल्या टूलच्या कडेला बारीक बर, म्हणजे धातूची पातळ किनार, असते. तशीच लेथवर चढवलीस तर ती बर पहिल्या कटला तुटते आणि जाताना धारही घेऊन जाते. म्हणून बारीक ऑइलस्टोनवर दोन थेंब तेल टाकून चारही अंगांना हलका हात द्यायचा. चाक गोल असल्यामुळं घासलेली बाजू मध्ये किंचित खोलगट झालेली असते. त्यामुळं ऑइलस्टोन फक्त वरच्या कडेला आणि खालच्या टाचेला टेकतो. त्या दोन रेघा चमकल्या की काम झालं. दोन मिनिटांचं काम आहे, जॉबवरचं फिनिश मात्र ओळखू न येण्याइतकं बदलतं. त्या माझ्या मित्रानं दीड वर्षात एकदाही ऑइलस्टोनला हात लावला नव्हता, हे मला नंतर कळलं. दुसऱ्याच्या टूलला कोण एवढा जीव लावतो?

धार आली का बघायचं तर टूल उजेडात धर आणि धारेवर नजर लाव. तिथं पांढरी बारीक रेघ चमकली म्हणजे धार बोथट आहे. तीक्ष्ण धारेला रुंदीच नसते, मग उजेड कशावरून परतणार? धार दिसली म्हणजे धार गेली. हेच लेथवर काम करतानाही बघत जा. आवाज जड झाला, चिप तापून रंग बदलायला लागली, जॉबच्या कडेला बर यायला लागली, माप मिलिमीटरच्या दोन-तीन शतांशांनी सरकायला लागलं, की टूल उतरव. लवकर उतरवलंस तर ऑइलस्टोननं भागतं. उद्या बघू म्हणालीस तर कडेचा दोन मिलिमीटर तुकडा दगडाला खाऊ घालावा लागतो, आणि चार इंचाचं टूल महिन्यात बोटभर होतं.

बिडाला माथ्याचा उतार थोडासाच पुरतो. त्याची चिप भुशासारखी पडते, तिला वाट करून द्यायची गरज नाही. पितळाला तर माथा सपाट ठेव, नाहीतर टूल त्यात खोदत आत घुसतं. अ‍ॅल्युमिनियमला उतार भरपूर. ड्रिलचं टोक ११८ अंशांचं. त्याच्या दोन ओठांची लांबी सारखी नसली तर भोक मोठं पडतं, आणि लोखंडात भोक पाडताना एकाच बाजूनं चिप येते त्यावरून ते लगेच कळतं. ड्रिल हे वेगळंच प्रकरण आहे, त्याला एक सबंध रविवार लागेल. टूलच्या टोकाला ब्रेझिंगनं चिकटवलेला कार्बाइडचा तुकडा असला तर पांढऱ्या दगडाकडं जायचं नाही, त्याला हिरवा दगड. तापलेलं कार्बाइड पाण्यात कधी बुडवायचं नाही, तडकतं.

तू म्हणशील, ताई, आता सगळीकडं सीएनसी आणि इन्सर्ट आहेत. कड गेली की तुकडा फिरवून बसवायचा. धार लावतं कोण? खरं आहे. पण त्या सीएनसीवर एखादा विचित्र आकाराचा जॉब येतो, त्याला बाजारात टूल मिळत नाही, आणि मग सगळे वळून बघतात की हाताने फॉर्म टूल घासून देणारं शेडमध्ये कोण आहे. गेल्या वर्षी आमच्याकडं तसं झालं तेव्हा आमच्या शेडमध्ये दोन माणसं निघाली. एक काका, एक मी. आणि काका आता रिटायर झाले.

एक गंमत सांगायची राहिली. कोल्हापूरहून पुण्याला रेल्वेनं जाताना किर्लोस्करवाडी लागते ना, तिथं १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या माळावर लोखंडी नांगरांचा कारखाना उभा केला. त्याच नांगराच्या गावातून १९३० साली बायकांसाठी 'स्त्री' मासिक निघालं. लेथचा आवाज आणि बायकांचं हितगुज एकाच आवारात. मला ते वाचल्यापासून ग्राइंडर आपल्याला परका वाटतच नाही.

तर उद्या काय करायचं ऐक. तो 'आण इकडं' म्हणाला की हसून म्हण, "तू शेजारी उभा राहा, चुकलं तर सांग." चांगला असेल तर उभा राहील. पहिली धार वाकडी येईल, दुसरीला पैलू पडतील, वर्गातली पोरं हसतील. हसू देत. सरांकडून ग्राइंडरची रोजची दहा मिनिटं मागून घे, नियमात बसत असतील तर जेवणाच्या सुट्टीतली माग.

आणि पुढच्या रविवारी घरी येताना तू स्वतः घासलेलं टूल घेऊन ये. कसंही असू दे. ऑइलस्टोन माझ्याकडं आहे.